जिप्सीला बॉडी लिफ्ट करावी की कमानी उचलाव्यात? आधी गाडी कुठे घासते ते पाहा

नागपूरजवळ काटोलकडच्या एखाद्या पांदण रस्त्यावर जुलैत गाडी घालून पाहा. ट्रॅक्टरच्या चाकांनी काळ्या मातीत दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये मातीचा उंच वरंबा उभा असतो. मारुती जिप्सीची चाकं चाकोरीत उतरली की डिफरन्शियलचा (एक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, मधल्या गिअरांचा) गोळा त्या वरंब्यावर टेकतो आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. माझी गाडी तिथून दोनदा ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. दुसऱ्या खेपेनंतर गॅरेजमध्ये विचारलं, तर उत्तर आलं, "भाऊ, दोन इंच बॉडी लिफ्ट करून घ्या, मंग पाहा." मी करून घेतली. पुढच्या पावसात गाडी त्याच वरंब्यावर तशीच टेकली.

बॉडी लिफ्ट म्हणजे नेमकं काय उचललं जातं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. तुम्ही या विचारात असाल तर पैसे देण्याआधी एवढं समजून घ्या.

जिप्सीची चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर रबरी माउंटिंग ठेवून बोल्टने आवळलेली असते. बॉडी लिफ्टमध्ये त्या प्रत्येक माउंटिंगला नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घालतात आणि लांब बोल्ट टाकतात. वर जाते ती फक्त बॉडी. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल आणि डिफरन्शियल तिथेच राहतात. कंपनीने दिलेला २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स लिफ्टनंतरही २१० मिमीच असतो. वाढते ती चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा, आणि त्या जागेचा उपयोग एकच, मोठे टायर बसवणं. टायर न बदलता केलेल्या बॉडी लिफ्टने गाडी उंच दिसते, इतकंच.

कमानी, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग, उचलल्या की चेसिससकट सगळी गाडी वर जाते. त्यासाठी लांब शॅकल (कमानीचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) लावतात, एखादा पट्टा वाढवतात किंवा जास्त बाक असलेल्या नव्या कमानी टाकतात. जिप्सीत कमान एक्सलच्या खाली असते. ती एक्सलच्या वर बसवली तर उंची एकदम कितीतरी वाढते. पण डिफरन्शियल याही उपायाने वर येत नाही, कारण तो एक्सलमध्येच आहे आणि एक्सलची उंची चाक ठरवतं. मध्यभागी चेसिस टेकत असेल, नाल्याच्या काठावर चढताना बंपर आधी लागत असेल, तर कमानींचा फायदा खरा. चाकोरीतल्या वरंब्यावर मात्र दोन्ही लिफ्ट सारख्याच निरुपयोगी.

तिथे फक्त टायर कामाला येतो. जिप्सी किंगला कंपनीतून आलेल्या २०५/७० आर१५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिमी. २३५/७५ आर१५ चा सुमारे ७३३ मिमी. फरकाच्या निम्मं, म्हणजे ३३ मिमी, डिफरन्शियल वर जातो. ऐकायला ही वाढ किरकोळ वाटते, पण माझी गाडी त्याच पांदणीतून बाहेर आली ती हे टायर घातल्यावर. बॉडी लिफ्टची खरी जागा इथे आहे: एवढा टायर पूर्ण वळणावर आणि कमान दबल्यावर बॉडीला घासू नये म्हणून. टायरमुळे गिअरिंग जवळपास दहा टक्के लांब होतं, हेही धरून चाला. मीटर ६० दाखवत असताना गाडी ६६ ने जात असते, आणि चढावर एक गिअर आधीच उतरावं लागतं. हातातली रिम त्या रुंदीच्या टायरला चालते का, हे टायरवाल्याकडून आधीच तपासून घ्या.

रस्त्यावरच्या वागणुकीत माझं मत बॉडी लिफ्टच्या बाजूने आहे. कमानींचा बाक, एक्सलचा कोन, प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्समधून एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे यांतलं काहीच बदलत नाही. इंजिन-गिअरबॉक्ससारखं वजनदार सामान खालीच राहतं, त्यामुळे गाडी वळणावर फार झुकत नाही. जिप्सी मुळात अरुंद आणि वजनाने जेमतेम एक टनाची, तिला हा फरक लगेच जाणवतो. लांब शॅकलमुळे पुढच्या एक्सलचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कोन) बिघडतो आणि अमरावती रोडला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग भटकायला लागतं. कमान एक्सलवर घेतली तर ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंगच्या दांड्याचे) कोन, ब्रेकचे होज, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, सगळंच नव्याने बसवावं लागतं. रोज शहरात चालणाऱ्या गाडीला मी तो मार्ग सुचवणार नाही.

पण बॉडी लिफ्टचीही किंमत असते आणि ती ठोकळ्यांपुरती नसते. हिंगणा एमआयडीसीत लेथवर नायलॉनचे ठोकळे कापून मिळतात, बोल्ट बाजारात मिळतात. काम अडतं ते जुन्या बोल्टवर. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत बॉडीतले नट गंजून सुटे झालेले असतात. बोल्ट फिरवला की नटही सोबत फिरतो आणि मग फ्लोअर कापावा लागतो. माझ्या गाडीचं एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं ते याचमुळे. त्यानंतर स्टिअरिंग शाफ्टचा जोड किती ओढला गेला, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, पेट्रोलच्या नळ्या, अर्थिंगची वायर, ट्रान्सफर केसच्या (फोर-व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सच्या) लिव्हरची खाच, सगळं एकेक करून पाहावं लागतं. स्टिअरिंगचा जोड पुरेसा आत बसत नसेल तर गाडी गॅरेजबाहेर काढूच नका.

नागपूरकरांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते रेडिएटरकडे. जिप्सीचा रेडिएटर बॉडीला असतो आणि पंखा इंजिनला. बॉडी दोन इंच वर गेली की रेडिएटर आणि त्याचं श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) वर जातं, पंखा खालीच राहतो. एक तर पंखा श्राउडला घासतो, नाहीतर खालच्या भागातून हवा ओढत राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला असताना, उमरेड रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या गाडीचा काटा लालवर गेला होता. रेडिएटरचे ब्रॅकेट खाली घेतल्यावरच तो शांत झाला. हे काम लिफ्टसोबतच करून घ्या.

कायद्याची बाजू दोन्हींना सारखीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जिप्सी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओत उभी करावीच लागते, आणि अपघातानंतर विमा कंपनी प्रश्न विचारू शकते. ही जोखीम घ्यायची नसेल तर मूळ मापाचेच खोल नक्षीचे टायर आणि नव्या कमानी हा प्रामाणिक पर्याय आहे. अनेक जुन्या जिप्सींच्या कमानी इतक्या बसलेल्या असतात की नव्या मूळ कमानी टाकल्या तरी गाडी डोळ्यांना दिसेल इतकी वर येते. तसं पाहिलं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

जिम्नीवाल्यांसाठी थोडक्यात: तिलाही वेगळी चेसिस आहे, त्यामुळे बॉडी लिफ्ट शक्य आहे. पण वॉरंटी चालू असलेल्या आणि वायरिंगने भरलेल्या गाडीवर मी ती करणार नाही. डस्टर किंवा ब्रेझाला वेगळी चेसिसच नाही, तिथे हा विषय संपतो.

टायर ठरला असेल तर ठोकळे कापायला देण्याआधी एक करा. कोणाकडून तरी त्या मापाचं एक चाक उसनं आणा, पुढे लावा, समोरचं दुसरं चाक दगडावर चढवा म्हणजे या बाजूची कमान पसरेल, मग उलट करा, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे किती घासतं ते मोजा. तेवढीच उंची घ्या. माझं मोजमाप नंतर केल्यावर दीड इंचात भागलं असतं असं दिसलं. आणि लिफ्ट झाल्यावर पाचशे किलोमीटरला सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, नायलॉन दबून ते हमखास थोडे सैल होतात.