विंचूदंश: रुग्णांच्या नोंदी की चाचणी?

वैद्यकात मोठं काम कोणतं: रुग्णांच्या नोंदी, की रुग्णांचे गट करून औषध ताडून पाहणारी चाचणी? कोकणात लाल विंचू चावला की दरदरून घाम, हातपाय गार, मग काहींच्या फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून हे टिपलं आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीने जीव वाचू लागले. माझ्या मते मोठं काम हेच, नोंदींचं. नोंदीच नसत्या तर चाचणी कशाची घेणार?

पण गोळीसोबत प्रतिविषही (विषावरचा उतारा) द्यावं का, हे नोंदींवरून ठरेना, कारण काही रुग्ण तसेही सावरतात. तिथे चाचणीच हवी. बावस्करांनीच ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: दहा तासांत दोन्ही औषधांवर ३५ पैकी ३२ बरे, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८.