अमंग अस की गूज गूज डक?

दोन्ही लपलेला शत्रू ओळखण्याचे ऑनलाइन गेम. अमंग अस आला २०१८मध्ये, गाजला मात्र २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. नियम पाच मिनिटांत कळतात: यानातली कामं उरका, नाहीतर घुसखोर हुडका. ॲडमिन नावाच्या खोलीत कार्ड ओढायचं काम मात्र छळतं! जोरात ओढलं तरी नापास, हळू ओढलं तरी नापास, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी येऊन काटा काढतं. मूळ गेममध्ये घुसखोर कोण हे ठरवायच्या मीटिंगला टाइप करत बसायचं. नवखा 'मी इलेक्ट्रिकलमध्ये' (यानातली एक खोली) लिहीपर्यंत मतदान उरकलेलं. म्हणून मित्रमंडळी बोलण्यासाठी डिस्कॉर्ड हे ॲप लावून बसतात.

गूज गूज डक २०२१चा. यात घुसखोर म्हणजे बदक. यात आवाज गेममध्येच, तोही जवळच्यालाच ऐकू जाणारा. गप्पा मारणारा मध्येच गप्प झाला, की समजायचं, त्याचा काटा निघाला. खरी गंमत डोडो या भूमिकेची: त्याला मतदानात बाहेर पडूनच जिंकायचं असतं. त्यामुळे उघड संशयास्पद वागणारा बदक आहे की डोडो, यावरून जी जुंपते ती ऐकण्यासारखी. पेलिकन ही भूमिका मिळालेला तर दुसरा खेळाडू अख्खा गिळतो. भूमिका इतक्या, की पहिले दोन-तीन डाव डोक्यावरून जातात.

घरच्या भावंडांना राजा-राणी-चोर-शिपाई येत असेल तर अमंग अस लगेच जमतो. आमची मुरलेली टोळी मात्र आता बदकांकडेच वळते.