पीपीएफ खातं: ज्यांना पीएफ नाही त्यांच्यासाठी

मी घरी शिकवण्या घेते. पगार नाही, म्हणून पीएफ नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. म्हातारपणाची तजवीज स्वतःच करायची. त्यासाठी पोस्टात पीपीएफ, म्हणजे पब्लिक प्रॉव्हिडंट फंडाचं 15 वर्षांचं सरकारी बचत खातं काढलं, मुदत भरली तेव्हा वाढवूनही घेतलं. आता ओळखीत कुणी शिंपीकाम करणारी, डबे देणारी बाई पैशांचं विचारायला आली की आधी याच खात्याचं सांगते.

व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. एप्रिल 2020 मध्ये तो 7.9 वरून 7.1 टक्क्यांवर आला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिला. आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढं तर एफडीतही मिळतं. मिळतं, पण एफडीच्या व्याजावर कर लागतो. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात 7.1 मधले पाच टक्केही उरत नाहीत. पीपीएफचं व्याज पूर्ण करमुक्त, आणि मुदतीअंती येणारी रक्कमही. नवी करप्रणाली घेतलेले बरेच जण ‘आता वजावट मिळत नाही, मग पीपीएफ कशाला’ म्हणून भरणं सोडतात, ते मला पटत नाही. गेली ती भरलेल्या रकमेवरची वजावट. व्याज नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाच तारखेची. महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. सहा तारखेला भरलेले पैसे त्या महिन्यापुरते नुसते पडून राहतात. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, ते एकदम भरणार असाल तर 5 एप्रिलच्या आत भरा. त्या वर्षाचं व्याज 10,650 रुपये होतं. तेच पैसे मार्चच्या शेवटी घाईघाईने भरले तर त्या वर्षी त्यांच्यावर काहीच नाही. दर वर्षी असं एप्रिलमध्ये भरत गेलं आणि दर 7.1 च राहिला, तर 15 वर्षांत भरलेल्या साडेबावीस लाखांचे सुमारे 40 लाख 68 हजार होतात.

एवढं भरणं सगळ्यांना झेपत नाही, हे मला माहीत आहे. वर्षाला 500 रुपयांतही खातं चालू राहतं. एखादं वर्ष चुकलंच तर त्या वर्षाचे 500 आणि 50 रुपये दंड भरून ते परत सुरू करता येतं.

पैसे अडकतात ही तक्रार खरी आहे. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कर्ज मिळतं, सातव्या वर्षापासून थोडी रक्कम काढता येते, पण अडीनडीचा पैसा यात ठेवूच नये. तो बचत खात्यात वेगळा असावा. मला मात्र हे अडकणंच आवडतं. शिवाय कोर्टाच्या हुकमानेही कर्जापोटी या रकमेवर जप्ती येत नाही. धंदा करणाऱ्या घराला या एका नियमाचा केवढा आधार आहे!

मुदत संपताना जागरूक राहा. पुढची पाच वर्षं पैसे भरत राहायचे असतील तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत मुदतवाढीचा फॉर्म द्यावाच लागतो. तो न देता नुसते पैसे भरत राहिलात, तर त्या पैशांवर व्याज मिळत नाही. नॉमिनीचं नावही तेव्हाच पासबुकात पाहून घ्या.

माझी नाराजी आहे ती दीड लाखाच्या मर्यादेवर. 2014 मध्ये ती एक लाखावरून दीड लाख केली. नोकरदाराचा पीएफ पगारातून कापला जातो आणि वर तो पीपीएफही काढू शकतो. आमच्यासारख्यांना स्वतःच्या म्हातारपणासाठी सरकारी हमीचं, करमुक्त व्याजाचं खातं म्हणजे हेच. निदान ज्यांना पीएफ नाही त्यांच्यासाठी तरी ही मर्यादा वाढवायला हवी.