फ्रान्समधली ‘दुरुस्त केलेली’ पाणचक्की घेताय? आधी हे वाचा

आम्हाला नैऋत्य फ्रान्सच्या जेर्स जिल्ह्यातली पाणचक्की विकणाऱ्या माणसाने शेजारच्याच खोऱ्यात आणखी एक पडकी पाणचक्की घेतल्याचं कळलंय. छप्पर चढलंय, गिलावा सुरू आहे. लवकरच ती विकायला निघेल, आणि विमानांच्या कारखान्यांमुळे तुलूजला आलेली, गावाकडे घर शोधणारी मराठी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. म्हणून लिहितेय.

घर देखणं होतं, यात वाद नाही. दगडी इमारत, खालून वाहणारा पाट, बैठकीत मांडलेले जुने दळणाचे दगड. माझा नवरा औरंगाबादचा. पाणचक्की म्हटल्यावर तो निम्मा तिथेच विरघळला, आणि एजंटने ते बरोबर हेरलं.

खालच्या खोलीच्या भिंतींना नव्याकोऱ्या जिप्सम बोर्डाचं अस्तर होतं. ‘थंडी लागू नये म्हणून.’ पहिल्याच हिवाळ्यात नदी फुगली आणि पाणी दारातून नव्हे, फरशीच्या सांध्यांतून वर आलं. बोर्ड चहात बुडवलेल्या खारीसारखे फुगले. ते उचकटले तर मागे लोणा लागलेला काळा दगड, आणि त्यात गुडघ्याच्या वर कोरलेली आडवी रेघ: १९७७. त्या वर्षी जुलैत या भागात महापूर आला होता, ओश शहरात माणसं दगावली होती. पूर्वीच्या चक्कीवाल्यांनी खूण जपली आणि या गृहस्थाने ती झाकली. पलीकडच्या आजीबाई म्हणाल्या, ‘अहो, तुम्हाला घर विकणाऱ्याचाच फ्रिज अंगणात वाळत ठेवलेला मी पाहिलाय की!’

आता कागदांची गंमत बघा. इथे विकणाऱ्याला लिहून द्यावं लागतं की, आपल्या मालकीच्या काळात नैसर्गिक आपत्तीची विमा भरपाई मिळाली होती का. त्याने ‘नाही’ लिहिलं. ते खरंच होतं! कारण त्याने दावाच केला नव्हता. स्वतःच्या खिशातून बोर्ड ठोकले आणि मोकळा झाला. त्यामुळे त्या एका पानावर भिस्त ठेवू नका. सरकारच्या जेओरिस्क संकेतस्थळावर त्या गावासाठी आजवर किती वेळा आपत्ती जाहीर झाली ते दिसतं. आणि मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, जाऊन विचारा. तिथल्या लोकांना सगळं माहीत असतं.

दुसरा फास चक्कीसाठी नदीचं पाणी वळवणाऱ्या बंधाऱ्याचा. ‘१७८९ च्या राज्यक्रांतीआधीपासूनचा पाण्याचा हक्क आहे, वीज करा, विका,’ असं आम्हाला सांगितलं होतं. असे जुने हक्क असतात, पण त्यांच्याबरोबर झडपा चालवणं, पाट उपसणं हेही मालकाच्याच गळ्यात येतं. शिवाय नदी पर्यावरण कायद्याच्या ‘यादी २’ मध्ये असेल, तर मासे आणि गाळ बंधाऱ्यातून पुढे जातील अशी सोय करावी लागते. माशांसाठी वाट बांधायचा खर्च ऐकून नवरा खालीच बसला. नदी कुठल्या यादीत आहे आणि मालकाला नोटीस गेली आहे का, हे डीडीटीत, म्हणजे जिल्ह्यातल्या जमीन-पाण्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी कार्यालयात, कळतं. सेप्टिक टँकचंही तेच: तपासणीत नापास असेल, तर वर्षभरात दुरुस्त करायची जबाबदारी घेणाऱ्यावर.

‘इंग्लंडहून दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणून घाई केली, तरी प्राथमिक करार हातात आल्यावर दहा दिवस मिळतात. त्यात कारण न देता माघार घेता येते, भरलेली रक्कम परत मिळते. चौकशीचे खरे दिवस हेच. आणि नोतेर, म्हणजे विक्रीखत करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, स्वतःचा घ्या. दोघे असले तरी फी तेवढीच, ती ते आपसात वाटून घेतात. विकणाऱ्याच्या नोतेरला आपल्या वतीने खोदून विचारायची काय पडलीय?

करारात ‘लपलेल्या दोषांची जबाबदारी नाही’ असं कलम होतंच. पण विकणाऱ्याला दोष ठाऊक होता हे सिद्ध झालं, तर ते टिकत नाही. दोष सापडल्यापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो. बांधकाम स्वतः केलं असेल, तर गंभीर दोषांसाठी दहा वर्षांची जबाबदारी विकणाऱ्यावरही येते. आमचा विक्रेता तर ‘सगळं माझ्या हातांनी केलंय’ असं कौतुकाने सांगत फिरायचा. ईमेलमध्येही लिहिलंय त्याने.

न्यायालयाने नेमलेला तज्ज्ञ भिंत बघून गेला, अहवाल यायचाय. दरम्यान डीडीटीकडून जुन्या पत्राची प्रत मिळाली: बंधाऱ्याबद्दलची नोटीस, विक्रेत्याच्या नावाची, आमच्या कराराच्या आधीच्या तारखेची. वकीलबाईंनी ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.