डॅक घेताना सोलापुरात झालेली फसवणूक: पेटीवर नाव एक, आत चिप दुसरीच

माझ्या मामांना एका दुकानदाराने डॅकच्या नावाखाली १८,५०० रुपयांना फसवलं. तशाच पेट्या त्या दुकानात अजून मांडलेल्या आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

डॅक म्हणजे सीडी प्लेअर, टीव्ही किंवा लॅपटॉपमधून येणारे आकडे ॲम्प्लिफायरला चालतील अशा सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र. मामा निवृत्त शिक्षक, राहायला जुळे सोलापूरला. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या मैफली ऐकत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. घरी किराणा घराण्याच्या सीडींनी भरलेलं कपाट आहे. जुना डॅक साधा होता पण बिघडलेला नव्हता. पेन्शनीतून पैसे साठवून एकदाच चांगला घेऊ, एवढीच त्यांची इच्छा. अशा माणसाला कोणी गंडवलं की संताप येतो, आणि तो मला अजून आहे.

दुकान नवी पेठेच्या बाजूला. दुकानदाराने मामांचाच जुना डॅक मागवून घेतला आणि दोन्ही लावून दाखवले. नव्या पेटीवर ठळक अक्षरात ‘ईएस९०३८ प्रो, ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ’, म्हणजे आधी चिपचं नाव, मग एकेका नमुन्याला ३२ बिट आणि सेकंदाला ३,८४,००० नमुने. या नावाची चिप ईएसएस या अमेरिकन कंपनीची असते, खरोखरच वरच्या दर्जाची. "काका, माझं ऐकू नका, तुमच्या कानानं ठरवा की ओ," असं तो म्हणाला. जुन्यावर एक तुकडा वाजवला, मग वायर काढत, बोलत, चहा मागवत नव्यावर तोच तुकडा. तानपुरा जवळ आल्यासारखा, तबल्याचा बायाँ भरदार. मामांना फरक स्पष्ट ऐकू आला, आणि तो भास नव्हता.

मला शंका आली ती घरी. नवा डॅक लावला की ॲम्प्लिफायरचं व्हॉल्यूम नेहमीपेक्षा बरंच खाली ठेवावं लागायचं. म्हणून ४०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर सीडीवर उतरवला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही डॅकचं आउटपुट मोजलं. जुना २ व्होल्ट, म्हणजे सीडी प्लेअरचं नेहमीचं प्रमाण. नवा २.८ व्होल्ट. हा फरक सुमारे ३ डेसिबलचा होतो. म्हणजे नवं यंत्र चांगलं नव्हतं, मोठ्यानं वाजत होतं.

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी मेख यातच आहे. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. आवाज थोडा वाढवला की तेच गाणं भरलेलं आणि मोकळं वाटतं. मध्ये पाच मिनिटं गप्पांत गेली तर आधीची पातळी किती होती हे कोणाच्याच कानाला आठवत नाही. त्यामुळे ‘कानानं ठरवा’ हा सल्ला दोन्हीकडचा आवाज मोजून सारखा केला असेल तरच खरा. घरी मी तो सारखा केला, वायर मामांना दिसणार नाहीत अशा बदलल्या, आणि कोणता डॅक कधी वाजतोय हे त्यांना ओळखता आलं नाही. तो अर्धा तास त्यांच्यासाठी सोपा नव्हता.

मग पेटी उघडली. ती बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालणारी होती म्हणून उघडली. थेट २३० व्होल्ट आत जाणारं यंत्र माहीतगाराशिवाय कोणी उघडू नये. बोर्डाच्या मधोमध एक काळा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, चक्क गोंदाने चिकटवलेला. हेअर ड्रायरने ऊब दिल्यावर तो सुटला. खाली नखाएवढी चिप, वरची अक्षरं घासून काढलेली. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर पॉलिश पेपरचे बारीक आडवे ओरखडे दिसत होते. पाय मोजले: एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. ईएस९०३८ प्रो ही चिप चौकोनी असते, चारही बाजूंना सोळा-सोळा, एकूण ६४ पाय. आतली चिप नेमकी कोणती हे घासलेल्या पाठीवरून सांगता येणार नाही, पण ती ९०३८ प्रो नव्हे हे पायांवरूनच सिद्ध होतं. शिवाय ॲडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांकही नव्हता.

पेटीवरचे आकडे मात्र खोटे असतीलच असं नाही, आणि ते जास्त घातक आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२ए ही २० पायांची चिपसुद्धा ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ घेते, आणि तिचे तयार बोर्ड काहीशे रुपयांत मिळतात. चिप वाईट नाही, शे-पाचशेला घ्या आणि खुशाल ऐका. पण लॅपटॉपवर ३८४चा पर्याय दिसला म्हणजे महागडी चिप आत आहे, असं अजिबात नाही. सीडीत तर सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटमध्ये साठवलेले असतात. जे ध्वनिमुद्रणातच नाही ते कोणताही डॅक बाहेर काढू शकत नाही.

परत गेलो तेव्हा दुकानदाराचा सूर बदललेला. "स्क्रूवरचं स्टिकर फाडलंत, आता वॉरंटी गेली." मी म्हटलं, मी वॉरंटी मागतच नाही, दुसराच माल दिलात त्याचे पैसे मागतोय. त्याने बिल दाखवायला सांगितलं. बिलावर लिहिलेलं: ‘ऑडिओ ॲक्सेसरी, १ नग’. मॉडेलचं नाव नाही, चिपचं नाही, जीएसटी क्रमांकही नाही. विकताना तो ‘पक्क्या बिलाशिवाय कमीत देतो’ म्हणाला होता, त्यामागचा हेतू तेव्हा कळला.

पण विक्रीच्या आधी त्याने मामांना व्हॉट्सॲपवर पेटीचा फोटो आणि ‘ओरिजिनल ९०३८ प्रो’ असा मेसेज पाठवला होता, आणि पैसे यूपीआयने गेले होते. या दोन गोष्टींवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. पैसे नाही मिळाले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

सोलापुरात कोणी अशी हीटसिंक चिकटवलेली पेटी घेतली असेल, तर दुकानदाराचे मेसेज डिलीट करू नका आणि पेटी उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवा. नवीन घेणार असाल तर पक्क्या बिलावर मॉडेल आणि चिपचं पूर्ण नाव लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर पैसे काढूच नका.