मार्शलचं लाल पुस्तक: गोड बोलून टोचणारा कवी

मार्शल हा जुन्या रोमचा, छोट्या टोचऱ्या लॅटिन कवितांचा कवी. लोएब या ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या मालिकेतला त्याच्या कवितांचा पहिला खंड, वॉल्टर केर यांचं १९१९ चं भाषांतर. जुनी प्रत मागवली, शहापूरच्या पत्त्यावर आठव्या दिवशी आली. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी. आकार झब्ब्याच्या खिशात मावेल एवढाच, त्यामुळं निम्मं पुस्तक खानापूरच्या बसमध्येच वाचून झालं.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. मुलांना व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, शिकवताना 'वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर' हेच उदाहरण द्यायचो. इथं पहिल्याच भागात तसाच एक वैद्य भेटला. पूर्वी वैद्यकी करायचा, आता प्रेतं उचलतो. मार्शल म्हणतो, धंदा तोच आहे. वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोम, आणि बोलणं अगदी आपल्या सुभाषितातलं!

मला सगळ्यात भावला तो फिडेंटिनस. तो मार्शलच्या कविता स्वतःच्या म्हणून वाचून दाखवायचा. या कवितेत मार्शल त्याला चोर म्हणत नाही. म्हणतो: वाचतोस ते पुस्तक माझं, पण इतकं वाईट वाचतोस, की होत चाललंय तुझं. लॅटिनमध्ये 'तुझं' हा शब्द अगदी शेवटी येतो. संस्कृतसारख्या विभक्ती असल्यामुळं शब्द कुठंही ठेवता येतो, आणि हा कवी काटा नेमका टोकाला ठेवतो. सातव्या भागात पोंटिलियानसलाही तेच: माझी पुस्तकं तुला का पाठवत नाही? तू मला पाठवू नयेस, म्हणून, तुझी! तिथंही शेवटचा शब्द 'तुझी'च.

आमची आत्या एकदा आमच्या घरातल्या नव्या सुनेला म्हणाली होती, "तुझ्या हातची आमटी खाल्ली की तुझ्या सासूची लई आठवण येते बघ." सून संध्याकाळपर्यंत खूश होती. मार्शल वाचताना मला आत्याचा आवाज ऐकू येत होता.

आता तक्रार. केरनी अश्लील कवितांचं भाषांतर इंग्रजीत न देता इटालियनमध्ये दिलंय, त्यामुळं तेवढ्या माझ्यापुरत्या बंदच राहिल्या. सगळं इंग्रजीत हवं असेल त्यांनी शॅकलटन बेली यांची १९९३ ची तीन खंडांची आवृत्ती घ्यावी. विकणाऱ्यानं 'प्रत उत्तम' असं कळवलं होतं, पण पाठीची शिवण सुटलेली निघाली. मी खळ लावून चिकटवली. हे त्यानं आधी सांगायला हवं होतं.

तरी पाचपैकी चार तारे. संस्कृत शिकलेल्या माणसानं तर घ्यावंच. केरचा दुसरा खंड कुणाला विकायचा असेल तर मला हवा आहे, शिवण सुटलेली असली तरी चालेल.