दुधात घालायच्या पुड्या आणि कॅल्शियमचं सिरप: नातीसाठी वापरल्यावर

माझी नात तिसाव्या आठवड्यात झाली, वजन १२४० ग्रॅम. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी मी चांदीचं बोंडलं घासून ठेवलं होतं, आणि बाळ काचेच्या पेटीत, नळीने दूध घेत होतं. सूनबाईला दूध भरपूर, तरी वजन दिवसाला सात-आठ ग्रॅमच वाढायचं. आईच्या दुधापुढे आणखी काय हवं, असं मला वाटे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, कॅल्शियम-फॉस्फरसचा बहुतेक साठा बाळाला पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो. हिचे तेच महिने बुडाले. एवढी तूट नुसत्या दुधाने भरत नाही, हाडं कच्ची राहतात.

म्हणून फॉर्टिफायरच्या, म्हणजे आईच्या दुधात मिसळून त्याचं पोषण वाढवणाऱ्या पुड्या सुरू झाल्या. आमची पुडी १ ग्रॅमची, २५ मिली दुधाला. वजन रोज वीस-पंचवीस ग्रॅमने चढू लागलं आणि सहाव्या आठवड्यात १८२० ग्रॅमची पोर घरी आली. सगळं श्रेय पुडीचं नाही. सूनबाई तासन्‌तास तिला उघड्या छातीशी धरून बसायची.

पुडीवरच्या सूचना मात्र बारीक इंग्रजीत. बाळ १५ मिलीच पीत असेल तर काय करायचं, ते कुठेच नाही. सिस्टरने सांगितलं: पुडी अर्धी करू नका, २५ मिली दूध मोजून त्यात अख्खी विरघळवा आणि त्यातलं हवं तेवढं पाजा.

पुढे रक्तात फॉस्फरस कमी निघाला म्हणून कॅल्शियम-फॉस्फेटचं सिरप दिलं. औषध गुणाचं, पण पांढरा गाळ तळाशी बसतो. पहिले आठ दिवस आम्ही बाटली न हलवताच देत होतो, म्हणजे पोरीला वरचं गोड पाणीच मिळालं! अजून आठवलं की जीव कासावीस होतो. झाकणाच्या मापावर पहिली खूण २.५ मिलीची, आणि आमचा डोस २ मिली. केमिस्टकडून बिनसुईची सिरिंज मागून घ्या. लोहाचे थेंब कॅल्शियमबरोबर देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाने शी काळी झाली तर घाबरू नका. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पुड्यांना पाचपैकी चार, सिरपला तीन. बाटलीवर ‘आधी हलवा’ हे मराठी-गुजरातीत ठळक छापलं, तर सिरपलाही चार देईन.